रानात जाताना बूट किती उंच असावा?

संपादक मंडळाकडून यंदाच्या स्मरणिकेसाठी लेखाची मागणी आली, तेव्हा "बुटाच्या उंचीवर लिहितो" असे मी कळवले. फोनवर पलीकडे काही क्षण शांतता होती. हृदयविकार, मधुमेह, ताणतणाव, निवृत्तीनंतरचे जीवन हे आपल्या स्मरणिकेचे ठरलेले विषय. त्यांच्या पंक्तीला पायताण बसवणे काहींना रुचणार नाही, याची मला कल्पना आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण माणसाला त्याची पायरी दाखवण्यासाठी वापरतो. जोयडा तालुक्यात इतकी वर्षे वैद्यकी केल्यावर मला मात्र ती शब्दशः घ्यावीशी वाटते. वहाण खरोखरच पायात असती, आणि पुरेशी उंच असती, तर माझ्या दवाखान्याची पायरी चढलेले कित्येक रुग्ण आलेच नसते.

निमित्त घडले ते असे. आपल्यातील काही तरुण सभासदांनी पावसाळ्यात कॅसलरॉकच्या बाजूला पदभ्रमणाला जायचे ठरवले आणि मी त्या भागातला जुना माणूस म्हणून मला विचारले, "सर, बूट घोट्याखालचे घ्यावेत की घोट्यावरचे?" प्रश्न साधा होता. उत्तर देताना माझ्या लक्षात आले, की हा प्रश्न मला आजवर फक्त पाहुण्यांनी विचारला आहे. रानात रोज जाणाऱ्या एकाही माणसाने तो विचारलेला नाही आणि मीही त्याला कधी आपण होऊन सांगितलेले नाही.

हे रान कसे आहे

ज्या सभासदांचा या भागाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडेसे. आजचा जोयडा तालुका पूर्वी सुपा तालुका म्हणून ओळखला जाई. काळी नदीवर सुपा धरण झाले, सुपे गाव पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. डिग्गीजवळ उगम पावणारी काळी नदी याच तालुक्यातून वाहत पुढे कारवारला समुद्रास मिळते. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली व्याघ्र प्रकल्प झाला; २०१५ पासून तो काळी व्याघ्र प्रकल्प म्हणून ओळखला जातो. रामनगर, जगलबेट, कुंभारवाडा, उळवी, तिनईघाट या गावांच्या आसपास कुणबी, गवळी, सिद्दी, मराठा समाजाच्या छोट्या छोट्या वाड्या विखुरलेल्या आहेत. एका वाडीपासून दुसरीपर्यंतची वाट बहुधा रानातूनच जाते. भातशेती, गुरे, गवत, सरपण, कंदमुळे या साऱ्यासाठी माणसाचा पाय पालापाचोळ्यातच पडतो. मुलांची शाळेची वाटही तीच.

उंचीचा हिशोब

बुटाच्या उंचीचे ढोबळमानाने चार प्रकार करता येतात : घोट्याखाली राहणारा, पाच-सहा इंचांचा, घोटा झाकणारा, आठ ते दहा इंचांचा, पोटरीच्या सुरुवातीपर्यंत येणारा, आणि चौदा-पंधरा इंचांचा, गुडघ्याखाली थांबणारा, ज्याला आपण गमबूट म्हणतो. यांपैकी कोणता 'चांगला' हे विचारणे म्हणजे कोणते औषध चांगले हे विचारण्यासारखे आहे. आधी रोग कोणता ते ठरवले पाहिजे.

पहिला समज असा, की उंच बुटाने घोटा मुरगळत नाही. तितका भक्कम पुरावा याला मिळालेला नाही. १९९३ साली अमेरिकेत बास्केटबॉल खेळणाऱ्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवर यादृच्छिक पद्धतीने अभ्यास झाला. उंच आणि बुटक्या बुटांत घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. खेळाचे मैदान आणि घाटातली वाट एक नव्हेत, हे मान्य. पाठीवर जड पिशवी असेल आणि वाट दगडधोंड्यांची असेल, तर घोट्याला मिळणारा आधार चालणाऱ्याला बरा वाटतो, हाही अनुभव आहे. पण घोटा खऱ्या अर्थाने सावरतात ते नडगीच्या बाहेरील अंगाचे स्नायू आणि तोल राखण्याची सवय. ती दुकानात मिळत नाही.

दुसरी बाब वजनाची. पायात घातलेला एक किलो भार पाठीवरच्या एक किलोपेक्षा कितीतरी पटींनी जास्त शक्ती खातो, हे लष्करी संशोधनात अनेकदा दिसून आले आहे. प्रत्येक पावलाला तो उचलावा आणि पुढे फेकावा लागतो. म्हणून विनाकारण उंच आणि जड बूट घेणारा दुपारनंतर दमतो, आणि दमलेलाच माणूस ठेचकाळतो.

तिसरी बाब पाण्याची. आमच्याकडच्या आषाढ-श्रावणात कोणताही 'वॉटरप्रूफ' बूट कोरडा राहत नाही, कारण पाणी वरून, विजारीवरून निथळत आत येते आणि मग त्या जलरोधक अस्तरामुळेच बाहेर जाऊ शकत नाही. दिवसभर ओल्या बुटात राहिलेल्या पायाचे काय होते हे पहिल्या महायुद्धातील खंदकांनी वैद्यकशास्त्राला शिकवले. त्या वेळी सैनिक पोटरीला कापडी पट्ट्या गुंडाळत. इंग्रजांनी ही वस्तू आणि तिचे नावही आपल्याच 'पट्टी'वरून उचलले होते. घट्ट आवळलेल्या ओल्या पट्ट्यांनी रक्ताभिसरण आणखी मंदावत असे. पुढे व्हिएतनामच्या जंगलासाठी अमेरिकी लष्कराने जो बूट केला, त्याला तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे ठेवली होती. तेव्हा पावसाळ्यात एक दिवसाच्या पदभ्रमणासाठी मी त्या तरुणांना सांगितले ते असे : हलका, पाणी सोडणारा, खोल खाचांच्या तळव्याचा, घोट्यापर्यंतचा बूट घ्या; रात्री पाय कोरडे करा; आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

जळवांच्या बाबतीत तर उंचीचा उपयोग जवळजवळ नाही. जळू बुटावर चढते, कडेपाशी पोहोचते आणि मोज्यात उतरते. तिला अडवते ते घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे, ज्यांत विजारीचे टोक खोचलेले असते. जळू चावली तर रक्त बराच वेळ वाहते, घाबरण्याचे कारण नाही, हे आपण सांगतोच.

गोचिडीची गोष्ट वेगळी. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात ओळखला गेलेला माकडताप आज आपल्या शेजारी आहे. उत्तर कन्नडमध्ये सिद्दापूर, होन्नावर भागात तो दिसत आला आहे. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि त्यानंतर सिंधुदुर्गात बांदा-दोडामार्ग परिसरात त्याने माणसे आजारी पाडली. हा आजार कोरड्या दिवसांतला, साधारण डिसेंबर ते मे या काळातला. पालापाचोळ्यात आणि खालच्या गवतात बसलेली गोचिडीची अगदी बारीक पिल्ले पायावाटे अंगावर चढतात. पूर्वीची लस अपुरी ठरल्याने थांबवावी लागली. अशा वेळी उंच बूट, त्यात खोचलेली पूर्ण लांबीची विजार, कीटक दूर ठेवणारे औषध आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ ही सारी मिळून एक प्रकारची लसच आहे.

आणि साप

आता मूळ मुद्द्याकडे येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातील बहुसंख्य खेड्यातली, शेतात राबणारी. दंश कोठे होतो हे आपल्यापैकी ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येकाला पाठ आहे : पायाची बोटे, पाऊल, घोट्याच्या आसपास, फार तर पोटरीचा खालचा भाग. जमिनीवरचा साप साधारण आपल्या लांबीच्या एकतृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झेप घेतो. हाताएवढे फुरसे पावलाला चावते. चार फुटी घोणस पोटरीपर्यंत पोहोचू शकते. म्हणजे ज्या पाच-सहा इंचांच्या बुटाला दुकानदार 'जंगलासाठी' म्हणून विकतो, तो फुरशापासून बऱ्यापैकी राखतो, घोणशीपासून अर्धवटच. सैलसर, जाड रबराचा गमबूट पाय आणि दात यांच्यामध्ये अंतर ठेवतो, हा त्याचा खरा गुण. म्यानमारमध्ये घोणशीच्या दंशाने भातशेतकऱ्यांचे बळी जात होते, तेथील संशोधकांनी शेतकऱ्यांसाठी खास संरक्षक बुटांचे प्रयोग केले ते याच कारणासाठी.

आमच्या रानात आणखी एक साप आहे, हिप्नाले. वीतभर-दीडवीत लांबीचा, नाकाचा शेंडा वर वळलेला, वाळक्या पानांत वाळक्या पानासारखाच पडून असणारा. त्याचा दंश बहुधा सूज, फोड यांवर निभावतो. पण कधी रक्त गोठेनासे होते, कधी मूत्रपिंडे निकामी होतात. आणि आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठीच तयार केलेले आहे. हिप्नालेवर ते चालत नाही. ज्या विषावर आपल्या कपाटात औषध नाही, त्यावर चपलेऐवजी बूट हाच काय तो उपाय उरतो.

बूट सर्व सापांपासून वाचवील असे मात्र कोणी समजू नये. मण्यार रात्री घरात, जमिनीवर झोपलेल्याला चावते. तेथे उपाय खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी. झुडपावर बसणारा हिरवा चापडा हाताला चावतो. तेथे काठी आणि सावध नजर. उपायाची मर्यादा सांगितली नाही, तर पहिल्या अपयशालाच रुग्णाचा विश्वास उडतो.

शिकारी आणि हाकारे

बुटांविषयीची पाश्चात्त्य पुस्तके पाहिली, तर पदभ्रमण आणि शिकार या दोहोंसाठी बुटाच्या उंचीची सविस्तर कोष्टके असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न संपला, आणि तो संपला हे योग्यच झाले. पण जुन्या शिकारीतील एक गोष्ट मला विसरता येत नाही. साहेब आणि सरदार मंडळी चामडी बूट आणि पट्ट्या चढवून बंदुकीमागे बसत. आणि ढोल-डबे वाजवत, रान तुडवत जनावर त्यांच्यापुढे आणणारे हाकारे अनवाणी असत. ज्याला कमीत कमी चालायचे त्याच्या पायात सर्वांत उंच बूट, आणि ज्याला झुडपातून जायचे त्याचा पाय उघडा.

ही वाटणी आज बदलली आहे का? शनिवार-रविवारी बेळगाव, हुबळी, पणजीहून येणारी मंडळी हजारो रुपयांचे बूट घालून दोन तास चालतात. त्यांच्यापुढे वाट दाखवणारा स्थानिक मुलगा रबरी चपला हातात घेऊन चालतो. ओल्या जांभ्यावर उघड्या तळव्याला पकड चांगली मिळते, हे त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्याला ते रान वर्षाचे बाराही महिने, पहाटे आणि रात्री तुडवायचे आहे.

एक केसपेपर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर महिना, भात कापणीला आलेले. पन्नाशीतला एक कुणबी शेतकरी पिकाच्या राखणीसाठी माळ्यावर झोपला होता. रात्री रानडुकरांचा कळप शेतात शिरला. हा डबा वाजवत खाली उतरला तो चपलांवर, बॅटरी माळ्यावरच राहिली. बाहेरच्या घोट्याखाली दंश झाला. आधी वाडीतले उपचार, मग जीप मिळेपर्यंतचा वेळ, मग घाटवळणाचा रस्ता. माझ्याकडे आणले तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होते. काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांनीही पाण्यासारखे पातळ. प्रतिविष सुरू केले आणि मोठ्या शहरात पाठवले. मूत्रपिंडे बसली होती. कित्येक वेळा डायलिसिस करावे लागले. माणूस वाचला. पण दीड महिन्याने परत आला तेव्हा एक म्हैस विकली गेली होती, उसनवारी झाली होती, आणि अर्धे पीक डुकरांनी नेले होते.

मी म्हटले, "मामा, जिवावरचे पायावर निभावले म्हणायचे." ते हसले नाहीत. म्हणाले, "डॉक्टर, जेवढा पैसा गेला तेवढ्यात अख्ख्या वाडीला बूट आले असते. तुम्ही कधी सांगितलं नाही."

त्या रात्री मी त्यांचा केसपेपर काढून पाहिला. दंशाची जागा, वेळ, नाडी, रक्तदाब, किती कुप्या दिल्या, सर्व नोंदी व्यवस्थित होत्या. पायात काय होते हे लिहिलेले नव्हते. मग जुने कागद चाळले. एकाही सर्पदंशाच्या कागदावर मी ते कधी लिहिले नव्हते. शहरातला मधुमेही आला, की त्याच्या चपलेचा तळ मी बोटाने दाबून पाहतो. रानातल्या माणसाच्या पायाकडे मी फक्त जखम म्हणून पाहत आलो.

अडचणी खऱ्या आहेत

गमबूट घाला, असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. त्यानंतर मी सांगू लागलो, तेव्हा लोकांनी मला ज्या अडचणी सांगितल्या त्या ऐकण्यासारख्या होत्या. लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. उन्हाच्या दिवसांत आत घाम साचतो, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. भरलेला ओढा ओलांडताना बुटात पाणी शिरले, तर पाय जड होऊन माणूस वाहून जाण्याचा धोका असतो. भातखाचरात पायताण घालून जाणे अनेक वृद्धांना अन्नाचा अपमान वाटतो. आणि एका बाईंनी विचारले, "आमच्या मापाचा कुठे मिळतो?" मी जवळच्या बाजारात चौकशी केली, होते ते सारे पुरुषी मापाचे. गवत कापणारी, सरपण आणणारी, लावणी करणारी बहुधा बाई. आणि बूट बनवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुषाचा पाय.

या अडचणींतूनच उत्तर निघते. लावणीला बूट नको. तेथे जखमा झाकणे आणि लेप्टोची भीती असेल तेव्हा वेळीच उपचार हाच मार्ग. पण बांधावरून चालणे, गवत कापणे, सुपारीच्या बागेत पालापाचोळा उचलणे, गुरे वळवणे आणि रात्रीची राखण या कामांत गमबूट निर्विवाद हवा. आत सुती मोजे, घरी आल्यावर बूट उपडा करून वाळवणे, आणि घालण्यापूर्वी झटकणे, कारण विंचवालाही ती जागा आवडते. वनरक्षकाला दिवसभर चालायचे असते. त्याला आठ-दहा इंचांचा हलका, कापडी-रबरी जंगल बूट आणि त्यात खोचलेली विजार बरी. मधुमेहाने संवेदना गेलेल्या पायाला एक माप सैल बूट आणि रोज रात्री तळव्याची तपासणी. हिवाळ्यात कोरड्या वाटेवर पाठीवर सामान घेऊन चालणाऱ्या पाहुण्याला घोटा झाकणारा बूट पुरतो. थोडक्यात, कोठे चालणार, कोणत्या वेळी आणि किती वेळ, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून उंची ठरवावी.

आपण काय करावे

कर्नाटक शासनाने २०२४ साली सर्पदंश हा अधिसूचित आजार ठरवला. त्याच वर्षी केंद्र शासनाने राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. प्रतिविषाचा साठा, प्रशिक्षण, रुग्णवाहिका यांची गरज आहेच. पण हे सारे दंश झाल्यानंतरचे. त्या आधीच्या एका क्षणाची जबाबदारी कोणीतरी घेतली पाहिजे, आणि ती घेण्यासाठी तीनचारशे रुपयांच्या आसपासची वस्तू पुरते.

म्हणून आपल्या संस्थेपुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येक सभासदाने सर्पदंशाच्या कागदावर 'पायात काय होते' ही एक ओळ लिहावी. दोन-तीन वर्षांत आपल्या हाती जी माहिती येईल, ती पुस्तकातील आकड्यांपेक्षा आपल्या भागाला अधिक उपयोगी पडेल. दुसरी, दरवर्षीच्या आरोग्य शिबिरात आपण टॉनिकच्या बाटल्या वाटतो. त्यांतील काही रक्कम गमबूट आणि बॅटरीकडे वळवावी, आणि बायकांची मापे आधी घेऊन यावीत. फुकट वाटण्यापेक्षा अर्धी किंमत घ्यावी. पैसे देऊन घेतलेला बूट वापरला जातो. तिसरी सूचना पदभ्रमणाला जाणाऱ्या तरुण मित्रांना. स्वतःसाठी बूट घेताना वाट दाखवणाऱ्या मुलाचेही माप विचारा.

त्या कुणबी मामांचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील म्हणून सांगतो. दुसऱ्या वर्षी राखणीच्या दिवसांत मी त्या वाडीवर गेलो होतो. माळ्याच्या शिडीपाशी काळ्या गमबुटांचा एक जोड उपडा ठेवलेला दिसला, आणि बाजूला त्याहून लहान मापाचा दुसरा. "हा कुणाचा?" मी विचारले. "सुनेचा," मामा म्हणाले. "गवताला तीच जाते."